झाडं लावू, पण कुठली?

पहिल्यांदाच कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड होता आणि पाचवी ते सातवी या काळात मी तो बराच भरलेला आहे! त्यामुळे मॅडमनी "मराठी विभागासाठी तूच लिही" असं सांगितलं तेव्हा पोटात गोळाच आला. झाडांची नावं मला इंग्रजीत येत होती, नंतर लॅटिनमध्येही आली, पण मराठीत नाही. 'नीम' म्हणजे कडुलिंब एवढं ठाऊक होतं. आता आमच्या लातूरला आबा त्याला नुसतं 'लिंब' म्हणतात, आणि माझी पुण्याची रूममेट लिंब म्हणजे लिंबू समजते. पाडव्याला आम्ही तिला विचारलं, "लिंबाचा रस घेणार का?" ती बिचारी आनंदानं हो म्हणाली. असो.

विषय रस्त्याकडेच्या झाडांचा आहे. तो मला सुचला नाही, तो पडला. अक्षरशः पडला. गेल्या जूनमध्ये, परीक्षा चालू असताना, मृगाच्या आधीचं ते नेहमीचं वादळ आलं आणि हॉस्टेलच्या रस्त्यावरचा मोठा गुलमोहर मुळासकट उलथून पार्किंगच्या शेडवर आडवा झाला. सात दुचाक्या चेपल्या. माणूस कुणी नव्हतं. पण त्याच झाडाखाली मेसची लाइन लागते, आणि त्या दिवशी भाजी उशिरा झाली म्हणून ती लाइन दहा मिनिटं उशिरा लागली होती. मेसच्या उशिराबद्दल मी त्यानंतर कधी तक्रार केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी झाड कापून नेलं आणि आमच्या लक्षात आलं की रस्त्याला आता सावलीच उरली नाही. गेटपासून मुलींच्या हॉस्टेलपर्यंत सव्वादोनशे मीटरचा डांबरी पट्टा. दुपारी दोनचं प्रॅक्टिकल संपवून यायचं म्हणजे चपलेतून चटका लागतो. एनएसएसच्या सरांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "या रस्त्याला चाळीस झाडं लावायची आहेत. कोणती लावायची याची यादी कर."

"त्यात काय सर, नर्सरीत जाऊन घेऊन येऊ की!"

"तो गुलमोहर लावणाराही असंच म्हणाला असेल," सर म्हणाले.

झालं. त्यानंतर चार महिने मी वर, खाली आणि आजूबाजूला बघत हिंडत होते. मैत्रिणींना वाटलं हिचं काहीतरी बिनसलं आहे.

वर बघायचं ते तारांसाठी. आपल्या रस्त्याच्या डाव्या हाताला लो टेन्शनची लाइन जाते. रस्त्याच्या कडेने जाणारी अशी तार जमिनीपासून निदान साडेपाच मीटर उंच हवी, असा विजेच्या कायद्यातला जुना नियम आहे. साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट. तिच्याखाली पन्नास फूट वाढणारं झाड लावलं तर ते आठ-दहा वर्षांत तारेला भिडणार, मग दरवर्षी पावसाळ्याआधी कुऱ्हाड येणार. लाइनमनची त्यात काही चूक नाही. त्याला तार मोकळी करायची असते, झाडाचा तोल सांभाळायचा नसतो. तो एका बाजूच्या फांद्या साफ करतो आणि सगळं वजन दुसऱ्या बाजूला जातं. आपल्या गुलमोहराचं हेच झालं होतं. स्ट्रक्चर्सच्या भाषेत सांगायचं तर आपण वर्षानुवर्षं त्याची एक्सेंट्रिसिटी वाढवत होतो. त्यात गुलमोहराची मुळं उथळ, लाकूड ठिसूळ आणि माथा छत्रीसारखा पसरलेला. शिवाय केबलच्या चरासाठी एका बाजूची मुळं तोडलेली. त्या खड्ड्यात उतरून मी स्वतः बघितलं, त्या बाजूला हाताच्या मनगटाएवढी मुळं करवतीने कापल्यासारखी सपाट होती. मग वाऱ्याला दोष कशाला द्यायचा?

खाली बघायचं ते मातीसाठी. सिव्हिलवाल्यांना काळ्या मातीबद्दल मी काय सांगू, पण इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात. नांदेड-लातूरकडची ही माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. आम्ही हॉस्टेलसमोरची माती लॅबमध्ये नेऊन फ्री स्वेलची चाचणी केली. दहा-दहा ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. सकाळी बघितलं तर पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या वर चांगली चढून बसली होती. एप्रिलमध्ये याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये रोपाची बारीक मुळं तुटतात.

याचा झाडाच्या खड्ड्याशी काय संबंध? मोठा आहे. आपण काळ्या मातीत खड्डा घेतो, त्यात छान भुसभुशीत खत-माती भरतो, रोप लावतो, फोटो काढतो. पाऊस आला की बाजूच्या चिकणमातीतून पाणी झिरपत नाही आणि तो खड्डा म्हणजे भरलेली बादली होते. रोप बादलीत उभं. मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि आपण म्हणतो "पाणी कमी पडलं वाटतं" आणि अजून दोन तांबे ओततो! मशिनने पाडलेल्या गोल गुळगुळीत भोकाचं तर विचारूच नका, त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात. उपाय साधा आहे. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा, भिंती टिकावाने खरवडायच्या, निघालेल्या मातीतच मुरूम आणि शेणखत मिसळून ती परत भरायची, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवायचं. पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल वेटोळी झालेली असतात. ती सोडवली नाहीत तर झाड पुढेही तशीच वाढवत राहतं आणि वीस वर्षांनी स्वतःच्याच मुळांनी स्वतःचा गळा आवळून घेतं.

इमारतीचाही विचार करावा लागतो. मोठं झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढून घेतं, पाणी गेलं की माती आकसते, आणि माती आकसली की पाया खचतो. इंग्लंडमध्ये १९७६ च्या दुष्काळात लंडनच्या चिकणमातीवरच्या घरांना यामुळेच मोठ्या प्रमाणात तडे गेले होते. म्हणून फुगणाऱ्या मातीत झाडाची जेवढी उंची होणार, साधारण तेवढं अंतर भिंतीपासून सोडावं, अशी ढोबळ पद्धत आहे. वड-पिंपळाला तर फूटपाथवर जागाच नाही. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचं त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा रस्त्याच्या बाजूला ड्रेनेजलाइन, दुकानांचे ओटे आणि कंपाउंड वॉल नव्हती. वड लावायचा तर मैदानात लावा, नदीकाठी लावा, त्याला पाय पसरू द्या.

आता मी माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीकडे येते. माझ्या पहिल्या यादीत बहावा बारा होते. का? तर दिसतो छान! मे महिन्यात पिवळे झुंबर लटकल्यासारखे. मी ती यादी घेऊन आमच्या माळीमामांकडे गेले. ते शाळा चौथीपर्यंत शिकलेले आहेत, आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"माय, हे झाड सावलीला लावायलीस का फोटोला?"

"सावलीलाच की मामा."

"मग त्याला उन्हाळ्यात पानं कुठं असतेत?"

मी गप्प. खरंच की! बहावा फुलतो तेव्हा जवळजवळ निष्पर्ण असतो. गुलमोहर फेब्रुवारीपासूनच खराट्यासारखा, आणि त्याची नवी पानं दाट होईपर्यंत जून उजाडतो. पळस, पांगारा यांचंही तसंच. म्हणजे ज्या झाडांचे फोटो कॅलेंडरवर येतात त्यातली बरीचशी आपल्याला नेमकी मार्च-एप्रिल-मेमध्ये उन्हात उभं करतात. बॉटनीच्या पुस्तकात याला फेनॉलॉजी असं भारदस्त नाव आहे. मामांना ती पाठ आहे. लिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो, पण एप्रिलपर्यंत नवी पालवी आणि मोहर घेऊन तयार असतो. करंज त्याच सुमारास पानं गाळतो आणि एप्रिलमध्ये असा चकचकीत पोपटी होतो की डोळे निवतात. चिंच, जांभूळ, बकुळ, पुत्रंजीव यांच्यावर वर्षभर पान असतं. मामांच्या त्या एका प्रश्नाने माझी अर्धी यादी कोसळली.

उरलेली सूर्याने कोसळवली. आपण विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मध्ये राहतो. लातूर साधारण १८.४ अंश उत्तरेला, नांदेड १९.१ च्या आसपास. म्हणून मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली पडतच नाही. आता विचार करा, त्या दिवसांत उंच, सडपातळ झाडाची सावली कुठे पडणार? त्याच्या स्वतःच्या पायाशी! आपल्या कॉलेजांमध्ये आणि बंगल्यांच्या कुंपणाला रांगेने उभा असलेला तो खोटा अशोक (सीतेचा अशोक वेगळा, तो आपल्याकडे फार कमी दिसतो) म्हणजे सावलीच्या बाबतीत एक नंबरचा कंजूस. शिस्तीत उभा राहतो हे मान्य, पण एनसीसीच्या परेडला सावली कोण मागतं? आपल्याला हवा आडवा पसरणारा माथा, जो पायवाटेच्या वर येईल. आणि दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, तेव्हा दाट झाडं पायवाटेच्या पश्चिमेला हवीत. हे कागदावर आखल्यावर मोठी झाडं कुठे आणि किती, ते आपोआपच ठरलं.

इथे मला थोडं लातूरबद्दल सांगायचं आहे. लातूर पॅटर्न म्हटलं की तुम्हाला मेरिट लिस्ट आठवते. मला २०१६ सालचा एप्रिल आठवतो. मी पाचवीत होते. मांजरा धरण कोरडं पडलेलं, मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 'जलदूत'. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली आणि ऑगस्टपर्यंत ती चालू होती. आमच्या गल्लीत टँकर यायचा. आदल्या रात्रीपासून घागरी नंबरला लावलेल्या असायच्या आणि घागरींच्या मालकिणी आमच्या दारातल्या लिंबाखाली बसलेल्या असायच्या. घरासमोर तीन झाडं होती, दोन खोटे अशोक आणि एक लिंब. आबा आंघोळीचं पाणी परातीत धरून अशोकांना घालायचे. तरी मे संपेपर्यंत दोन्ही वाळून गेले. लिंबाला कुणी थेंबही घातला नव्हता. तो त्याच महिन्यात नव्या पानांनी भरून आला, फुलला, आणि सगळी गल्ली त्याच्या सावलीत टँकरची वाट बघत बसली. आईला राग आला होता, पाणी झाडांना कशाला म्हणून. आबा म्हणाले होते, "लेकराला दिलं आन् झाडाला दिलं, सारखंच." त्या वेळी मला ते काही पटलं नव्हतं. आजही आईचंच जास्त पटतं, खरं सांगायचं तर. पण झाडांची बोर्डाची परीक्षा २०१६ मध्ये झाली आणि तिचा निकाल आमच्या दारात लागला, एवढं मी बघितलं आहे. ज्या झाडाला तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरही पाणी द्यावं लागतं ते मराठवाड्याच्या रस्त्यावर लावणं म्हणजे पुढच्या दुष्काळातलं पाणी आजच बुक करून ठेवणं.

म्हणूनच ताम्हणावर मी फुली मारली. महाराष्ट्राचं राज्यपुष्प, जांभळी फुलं, सगळं खरं. पण ते मूळ पाणथळ जागेचं झाड आहे. गोदावरीच्या काठाला, नाल्याच्या बाजूला नांदेडमध्ये खुशाल लावा. लातूरच्या मुरमाड माळावर नको. अर्जुनाचंही तेच. नांदेड आणि लातूर ही शेजारची शहरं असली तरी एकच यादी दोन्हीकडे चालत नाही. नांदेड समुद्रसपाटीपासून ३६० मीटरच्या आसपास, नदीकाठी, पाऊस थोडा जास्त, ऊनही जास्त. लातूर बालाघाटाच्या पठारावर सहाशे मीटरच्या वर, पाऊस कमी, नदी लांब.

आता नर्सरीची गोष्ट. आम्ही तिघी नर्सरीत गेलो आणि "रस्त्यासाठी झाडं दाखवा" म्हटलं, तर मालकांनी लगेच एक हिरवंगार, तरतरीत रोप पुढे केलं. "हे घ्या मॅडम, सहा महिन्यांत भिंत होते, गुरं खात नाहीत, कचरा नाही." ते कोनोकार्पस होतं. वाढतं खरंच भराभर. पण त्याची मुळं पाइपलाइन आणि ड्रेनेजमध्ये घुसतात आणि परागकणांमुळे ॲलर्जीच्या तक्रारी येतात, म्हणून गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. दुसरं पुढे आलं सप्तपर्णी, म्हणजे आपली सातवीण. ही अस्सल देशी. सदाहरित, दाट, कोकणातल्या ओल्या रानातली. पण ऑक्टोबरमध्ये तिच्या फुलांचा वास इतका उग्र येतो की दोन हॉस्टेलच्या मधे ओळीने लावली तर परीक्षेच्या काळात दम्याच्या पेशंटचे हाल होतील. आमच्या विंगमध्येच दोघी इन्हेलर वापरतात. वावळ हेही आपलं काटक झाड, पण त्याचे परागकण ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहेत. म्हणजे देशी म्हटलं की डोळे झाकून चांगलं, असंही नाही.

या देशी-विदेशी वादात माझं मत थोडं बदलत गेलं. सुरुवातीला मी कट्टर देशीवाली होते. गुलमोहर मादागास्करचा, निलमोहोर दक्षिण अमेरिकेचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, हटाव सगळ्यांना! मग कळलं की चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची. अरबांनी तिला 'तमर-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असं नाव दिलं इतकी ती इथे जुनी झाली. शेकडो वर्षं इथल्या दुष्काळात टिकलेल्या झाडाला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एकच विदेशी जात सगळीकडे लावली की काय होतं ते मुंबईने बघितलं. तिथले मोठमोठे वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने शेकड्यांनी वाळले. आणि हे फक्त विदेशी झाडांचं नाही. २०२१ च्या सुमारास आपल्या शेजारच्या तेलंगणात लिंबाची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली होती, बुरशीच्या रोगाने. आपला नांदेड जिल्हा तेलंगणाला लागून आहे. सगळा रस्ता लिंबाचाच केला आणि हा रोग आला तर?

अमेरिकेत एल्म झाडांच्या रोगाने शहरंच्या शहरं बोडकी झाली, त्यावरून फ्रँक सांतामूर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक साधा नियम सांगितला. शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची दहा टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीगटाची वीस टक्क्यांहून जास्त नकोत, आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून जास्त नकोत. मी मोठ्या आत्मविश्वासाने माझ्या यादीला हा नियम लावला आणि तोंडावर पडले. करंज, बहावा, आपटा, कांचन, चिंच, शिरीष... सगळी शेंगावाली! एकाच कुळातली. चाळीसपैकी तेवीस. नावं वेगळी, फुलं वेगळी, आणि घर एकच. सर हसले आणि म्हणाले की हा नियम पूर्ण शहरासाठी आहे, एका रस्त्यासाठी इतका काटेकोर धरू नकोस. तरी मी ती यादी दुरुस्त केली.

आता बारीकसारीक गोष्टी, ज्या कुठल्याच पुस्तकात एकत्र मिळत नाहीत. जांभळाची सावली उत्तम, पण जूनमध्ये खाली जांभळांचा चिखल होतो आणि त्यावरून दुचाकी घसरते, म्हणून जांभूळ रस्त्यावर नको, मेसच्या मागे हात धुण्याच्या पाण्याच्या नालीजवळ चालेल. आंब्याला दगड बसतात. कवठ पिकलं की कुणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नाही. बूच, म्हणजे गगनजाई, रात्री काय सुंदर वास येतो! पण लाकूड ठिसूळ, फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. आपट्याला वेगळाच धोका आहे. दसऱ्याला रस्त्यावरचा आपटा सकाळी नऊपर्यंत हिरवा असतो, दहाला काठी! करंजाचा मोठा गुण म्हणजे गुरं-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. लिंब मात्र शेळीला आवडतो, त्यामुळे जाळी पाहिजेच. आणि रोप डोक्याएवढं उंच झालेलंच आणायचं. गुडघ्याएवढी रोपं स्वस्त मिळतात, पण रस्त्यावर ती एक उन्हाळा काढत नाहीत. दुभाजकावर झाड नकोच, तिथे कण्हेर बरी. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याआधी नांदेडचे रस्ते रुंद झाले, नवे दुभाजक आले, तसं दुभाजकात काय लावावं हा नवा प्रश्नही आला. फूटभर मातीत मोठं झाड लावलं तर ते पुढे बसवर आडवं होणार हे सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे?

लावलेलं झाड वाढलं की पुढचा शत्रू पेव्हर ब्लॉक. आपल्याच आवारात दोन वर्षांपूर्वी फरशी बसवताना ब्लॉक अगदी खोडाला चिकटवून बसवले आहेत, जणू झाड म्हणजे विजेचा खांब. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत आदेश दिला होता की खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा आणि तिथलं काँक्रीट काढा. आम्ही सहा जणींनी एका रविवारी सब्बल घेऊन आपल्या सात झाडांभोवतीचे ब्लॉक उचकटले. परवानगी घेतली होती, वॉर्डनमॅडम वाचत असतील तर! झाड तोडायचं असेल तर मात्र शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं जातं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावण्याची त्यात तरतूद आहे. आमच्या दारातला लिंब आबांच्या लग्नाच्या वर्षी लावलेला आहे, म्हणजे तोही वारसाच. आबांना हे सांगितल्यावर ते दोन दिवस खुशीत होते.

तर यादी अशी झाली. तारांच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मर, गटाराची झाकणं आणि दोन फाटकं सोडून बारा लहान झाडं: पारिजातक सात, आपटे तीन, कांचन दोन. मोकळ्या बाजूला आठ-आठ मीटरवर सव्वीस: लिंब नऊ, बकुळ सहा, करंज पाच, पुत्रंजीव चार आणि गेटजवळ दोन बहावे, कारण फोटो पण पाहिजेच ना! मेसच्या मागे दोन जांभळं. एकूण चाळीस. शेंगावाली बरोबर बारा, म्हणजे तीस टक्के. लिंबाने दहा टक्क्यांचा नियम मोडला आहे, तो मी जाणूनबुजून मोडला आहे. बकुळ आणि पुत्रंजीव सावकाश वाढतात. त्यांच्या दाट सावलीत आपल्यापैकी कुणी बसणार नाही. आत्ता जे दहावीत असतील ते बसतील.

शेवटचा प्रश्न पाण्याचा, आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. पहिले तीन उन्हाळे प्रत्येक झाडाला आठवड्याला दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर. चाळीस झाडांना आठवड्याला बाराशे लिटर. जलदूतच्या एका वाघिणीत आपली चाळीस झाडं एकेचाळीस आठवडे जगली असती, हा हिशोब मी एका कंटाळवाण्या लेक्चरला वहीच्या मागच्या पानावर केला. एवढं पाणी मेसच्या आरओ मशिनमधून रोज वाया जाणाऱ्या पाण्यातून सहज निघतं. ते क्षारयुक्त असतं, म्हणून निम्मं साधं पाणी मिसळायचं आणि ते लिंब-करंजालाच द्यायचं. बकुळ-पारिजातकाला बेसिनचं, साबण नसलेलं. पाणी आहे. माणसं नाहीत. कारण झाडांना सगळ्यात जास्त तहान लागते मे महिन्यात, आणि मेमध्ये सेमिस्टर संपून हॉस्टेल रिकामं होतं! आजवर कॉलेजात लावलेली रोपं का जगली नाहीत, याचं उत्तर मला मातीत शोधून मिळालं नाही, ते सुट्ट्यांच्या वेळापत्रकात मिळालं. माळीमामा एकटे आहेत आणि त्यांना सगळं आवार बघायचं असतं.

म्हणून मेसच्या दारावर एक तक्ता लावला आहे. एप्रिल ते जूनचा प्रत्येक आठवडा, समोर दोन नावं. नांदेडचे लोकल, बॅकलॉगवाले, प्रोजेक्टसाठी थांबणारे, आणि क्वार्टर्समधले सर-मॅडम सुद्धा, कुणीही लिहू शकतं. माझं नाव मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, आबांना सांगून ठेवलंय की उशिरा येईन. दुसऱ्या आठवड्यासमोर अजून कुणाचंच नाव नाही.